फायब्रॉइडच्या (गर्भाशयातल्या गाठींच्या) उपचारानंतर दिवस राहिलेल्या कुणी आहेत का इथे? (सातारा / सांगली)

कोरेगावची_सून

नमस्कार मंडळी. एरवी नुसती वाचते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

वय 34, साताऱ्यात बँकेत नोकरी. पाळीत अंगावरून खूप जातं, रक्ताच्या गाठी पडतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कॅश काउंटरवर बसवत नाही. हिमोग्लोबिन 8.2. मूल हवंय आणि दिवस राहत नाहीयेत. सोनोग्राफीत दोन फायब्रॉइड निघाले. एक 7 सेंमीचा, पिशवीच्या बाहेरच्या अंगाला. दुसरा 2.8 सेंमीचा, त्याच्याबद्दल रिपोर्टमध्ये लिहिलंय की आतल्या अस्तराला ढकलतोय.

आता मतं बघा. इथल्या एका मॅडम म्हणाल्या, पोट उघडून दोन्ही काढू. पुण्यात दुसरं मत घेतलं, तिथं एम्बोलायझेशन सुचवलं. म्हणजे मनगटातल्या नाहीतर जांघेतल्या धमनीतून बारीक नळी घालून गाठीचा रक्तपुरवठा बंद करायचा, चिरफाड नाही. तिसरे म्हणाले आधी दिवस राहतात का बघा, गाठींचं नंतर. घरी आत्यांचं म्हणणं काढा घे. शेजारच्या काकूंचं तर एकच, पिशवीच काढून टाक म्हणजे कटकट मिटली! मूल हवंय असं सांगितल्यावरसुद्धा हेच.

ज्यांचं झालंय त्यांच्याकडून ऐकायचंय. कुठला उपचार केला, नंतर किती थांबायला सांगितलं, दिवस राहिले का, बाळंतपण कसं झालं. व्यनि (खाजगी निरोप) नको, इथंच लिहा, बाकीच्यांनाही उपयोग होईल.

तासगावकरीण

मी पण याच रांगेत. वाचतेय.

मिरज_जंक्शन

लिहिते सविस्तर, चहा घेऊन बसा.

माझी शस्त्रक्रिया पोट उघडून झाली, मिरजेत. दोन मोठे आणि बाकी बारीकसारीक असे बरेच फायब्रॉइड होते, पिशवीच्या भिंतीतच रुतलेले. दुर्बिणीतून करता येईल का विचारलं तर सर्जन स्पष्ट म्हणाले, एवढे असतील तर हाताला लागून काढलेले बरे, बारीक सुटत नाहीत आणि टाके थरावर थर नीट घालता येतात. मला ते पटलं. मैत्रिणीची एकच गाठ होती, तिची दुर्बिणीतून झाली आणि ती माझ्या आधी हिंडायला लागली हेही खरं.

ऑपरेशनच्या आधी हिमोग्लोबिन वर आणण्यात वेळ गेला. लोहाच्या गोळ्यांनी मला मळमळायचं, मग शिरेतून लोह दिलं (फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज म्हणतात ते). 8.2 वर कुणी घाईनं टेबलावर घेत असेल तर आधी लोहाचं विचार. फायब्रॉइड काढताना रक्त जातं. रक्तस्राव कमी राहावा म्हणून पिशवीत व्हासोप्रेसिनचं इंजेक्शन देतात, तरी रक्ताच्या पिशव्या तयार ठेवायला सांगतातच.

नंतर सहा महिने थांबायला सांगितलं. टाके भरून यायला हवेत म्हणून. काही ठिकाणी तीनवर सोडतात, खोल टाके असतील तर सहा किंवा जास्त. दिवस राहिले, आपोआप राहिले.

आता मुख्य गोष्ट. सातव्या महिन्यात मी माहेरी सांगलीला आले आणि डॉक्टर बदलले. नव्या मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, "ऑपरेशनच्या वेळी पिशवीची आतली पोकळी उघडली होती का?" मला काय माहीत! डिस्चार्ज कार्डावर फक्त 'मायोमेक्टमी, रुग्ण ठणठणीत' एवढंच (मायोमेक्टमी म्हणजे गाठी काढायचं ऑपरेशन). मॅडम म्हणाल्या ऑपरेशन नोट आणा. नवऱ्यानं अर्ज करून रेकॉर्ड विभागातून झेरॉक्स काढून आणली. त्यात सगळं होतं: किती गाठी, कुठं छेद, किती थरांत टाके आणि पोकळी उघडली होती हेही. त्या एका ओळीवर ठरलं की कळांची वाट बघायची नाही, 37 आठवडे पूर्ण झाल्यावर सिझर. झालं व्यवस्थित. मुलगी आता बालवाडीत जाते.

तेव्हा कुठलाही उपचार करा, ऑपरेशन नोट घरी फाइलला पाहिजे. नुसतं डिस्चार्ज कार्ड नको.

विट्याची_वैशू

ऑपरेशन नोटचं शंभर टक्के. माझ्याकडे अजून नाहीये, उद्याच फोन करते.

माझं वेगळं. मला आधी दर महिन्याचं ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन दिलं. पाळी बंद, गाठ आकसली, हिमोग्लोबिन वर आलं. मला वाटलं सुटले. घामाघूम व्हायचे, झोप नाही, ते सोडा. इंजेक्शन थांबल्यावर पाळी आली आणि गाठ पुन्हा पहिल्या मापावर. कुणीतरी आधी सांगायला हवं होतं की हे इंजेक्शन ऑपरेशनच्या आधीची तयारी म्हणून असतं, त्यानं मूल राहायला मदत होत नाही. उलट चालू असेपर्यंत दिवस राहूच शकत नाहीत.

यवतेश्वर

पुरुष आहे, बायकोच्या परवानगीनं लिहितोय.

आम्ही एम्बोलायझेशन केलं, पुण्यात. कारण तिच्या पोटावर आधीची दोन ऑपरेशनं झालेली, आत सगळं चिकटलेलं, तिसऱ्यांदा पोट उघडायला सर्जनच तयार नव्हते. पहिली रात्र वाईट असते, कळा खूप येतात, भुलेच्या डॉक्टरांनी दुखणं कमी करणाऱ्या औषधाचा पंप लावला होता. नंतर थोडे दिवस ताप, अंग मोडून येणं. पण पोटावर टाका नाही. पाळी पुढच्या काही महिन्यांत आटोक्यात आली.

दिवस राहिले. पहिल्या वेळी गर्भ टिकला नाही. नंतर मुलगा झाला, सिझर करून. वार नीट सुटली नाही आणि रक्त बरंच गेलं, दोन पिशव्या चढवाव्या लागल्या. आज दोघं ठणठणीत.

मी त्या वेळी पुष्कळ वाचलं. 2017 साली पोर्तुगालमधल्या डॉक्टरांनी 359 बायकांचा अभ्यास छापलाय, सगळ्या मूल हवं असलेल्या, एम्बोलायझेशन झालेल्या. त्यातल्या 149 जणींना दिवस राहिले. तेव्हा "एम्बोलायझेशन केलं की मूल विसरा" असं जे सरसकट सांगतात ते मला मान्य नाही.

निसर्ग_हाच_वैद्य

ताई, एवढी कापाकापी कशाला? कांचनार गुग्गुळ आणि योग्य पथ्य. माझ्या मावशीची मोठी गाठ दोन वर्षांत विरघळली, सोनोग्राफी आहे.

डॉ_कृष्णाकाठ

मी स्त्रीरोगतज्ज्ञ, कराड भागात प्रॅक्टिस करते. इथं कुणाला उपचार सांगणार नाही, पण वरची चर्चा चांगली चाललीय म्हणून चार गोष्टी.

आधी निसर्ग यांना एक प्रश्न. मावशींचं वय काय होतं? पाळी जायच्या सुमाराला असतील तर फायब्रॉइड आपोआप आकसतात, काही न घेता. ते इस्ट्रोजेनवर पोसले जातात.

आता कोरेगावच्या ताई. तुमच्या घरात, आणि बहुतेक डॉक्टरांकडेही, सगळ्यांची नजर 7 सेंमीच्या गाठीवर असणार. मला 2.8 सेंमीची जास्त काळजी वाटते. मूल राहण्याच्या हिशेबात गाठ किती मोठी यापेक्षा ती पिशवीच्या पोकळीत किती घुसलीय हे आधी बघतात. 2011 मध्ये फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेनं जागेवरून 0 ते 8 असे प्रकार ठरवले. 0 म्हणजे पूर्ण पोकळीत लोंबणारी, 1 म्हणजे निम्म्याहून जास्त पोकळीत, 2 म्हणजे निम्मी किंवा त्याहून जास्त भिंतीत. 3 ची सगळी गाठ भिंतीतच पण अस्तराला टेकलेली, 4 भिंतीच्या मधोमध, 5 ते 7 बाहेरच्या अंगाला. 8 मध्ये इतर जागांच्या गाठी, उदाहरणार्थ पिशवीच्या तोंडाशी असलेल्या. 2009 मध्ये आधीच्या अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला, त्याचा निष्कर्ष आजही आम्ही धरून चालतो: पोकळीत घुसलेल्या गाठीनं दिवस राहण्याचं प्रमाण कमी होतं आणि ती काढल्यानं सुधारतं, तर पूर्ण बाहेरच्या गाठीनं फरक पडत नाही. भिंतीतल्या गाठींचं भांडण मिटलेलं नाही. त्यांनी प्रमाण थोडं कमी होतं असं दिसतं, पण काढल्यानं वाढतं का याचा पुरावा कच्चा आहे.

म्हणून पहिला प्रश्न: माझ्या गाठी कुठल्या प्रकारच्या? साध्या सोनोग्राफीत उत्तर मिळत नसेल तर पोकळीत सलाइन सोडून केलेली सोनोग्राफी किंवा एमआरआय. एमआरआयचा दुसरा फायदा असा की अॅडिनोमायोसिस (पिशवीच्या आतलं अस्तर भिंतीत वाढण्याचा आजार) वेगळा ओळखू येतो. सोनोग्राफीत त्याला कधी कधी फायब्रॉइड म्हणून लिहिलं जातं, आणि पोट उघडल्यावर कळतं की सोलून काढायला इथं गाठच नाही.

पोकळीत घुसलेली गाठ योनीमार्गातून दुर्बीण घालून काढता येते, हिस्टेरोस्कोपीनं. पोटावर छेद नाही, पिशवीच्या भिंतीवर आरपार टाका नाही, त्यामुळे पुढे नॉर्मल बाळंतपणाला सहसा अडचण येत नाही. थांबायचंही कमी, एक-दोन पाळ्या. धोका दोन गोष्टींचा. आत सोडलेलं पाणी अंगात जास्त शोषलं जाणं (ग्लायसिनचं द्रावण वापरलं तर सोडलेल्यापेक्षा एक लिटर कमी परत आलं की थांबावं लागतं, सलाइनवर चालणाऱ्या यंत्रात अडीच लिटरपर्यंत), आणि नंतर पोकळीच्या भिंती एकमेकींना चिकटणं. दुसऱ्यासाठी काही जण पुन्हा एकदा दुर्बिणीनं बघतात.

एम्बोलायझेशनबद्दल. यवतेश्वर, तुमच्या घरी जे झालं तो निर्णय योग्यच होता, पोट उघडता येत नव्हतं. पोर्तुगालचा अभ्यास मलाही माहीत आहे. पण त्यात तुलनेला ऑपरेशनवाला दुसरा गट नव्हता. चिठ्ठ्या टाकून दोन गट केलेला अभ्यास प्रागमध्ये झाला, 2008 ला छापला, 121 बायका. मूल हवं म्हणून प्रयत्न केलेल्यांत ऑपरेशनच्या गटात 40 जणींमध्ये 33 गर्भधारणा आणि 19 बाळंतपणं. एम्बोलायझेशनच्या गटात 26 जणींमध्ये 17 गर्भधारणा आणि 5 बाळंतपणं, गर्भपात जास्त. 2010 च्या एका आढाव्यात एम्बोलायझेशननंतर गर्भपाताचं प्रमाण 35 टक्क्यांच्या आसपास, आणि फायब्रॉइड तसाच ठेवलेल्या गर्भारणींत साडेसोळा. बाळंतपणानंतरचा रक्तस्रावही जास्त. तुमच्या पत्नीला जे भोगावं लागलं ते याच चित्रात बसतं. शिवाय बीजकोशाकडे जाणाऱ्या रक्तपुरवठ्यात थोडे कण जाऊ शकतात, वय जास्त असेल तर त्याचा फटका बसतो. म्हणून मूल हवं असलेल्या आणि ऑपरेशन शक्य असलेल्या बाईला मी ते पहिला पर्याय म्हणून सुचवत नाही. "मूल विसरा" असंही म्हणत नाही.

यवतेश्वर

डॉक्टर, मान्य. पण 121 बायकांचा अभ्यासही काही फार मोठा नाही. 26 मध्ये 5 यावरून किती ठाम बोलायचं?

डॉ_कृष्णाकाठ

बरोबर. लहानच आहे. ब्रिटनमध्ये 254 बायकांवर मोठा अभ्यास झाला, 2020 ला छापला, त्यात दोन वर्षांनी जगण्याचा दर्जा ऑपरेशनच्या गटात बरा दिसला, पण गर्भधारणा दोन्हीकडे इतक्या थोड्या की त्यावरून काही ठरवता येत नाही. म्हणून मी आकड्यांबरोबर हेही सांगते की वार चिकटणं आणि रक्तस्राव ही बाळंतपणातली जोखीम आम्ही प्रत्यक्ष बघतो. एम्बोलायझेशन झालेली बाई गर्भार असेल तर वार कुठं बसलीय हे सोनोग्राफीत मुद्दाम बघायला सांगावं आणि बाळंतपण रक्तपेढी जवळ असलेल्या ठिकाणी ठेवावं.

निसर्ग_हाच_वैद्य

मावशी 51.

मिरज_जंक्शन

😀

पाटणवाली

डॉक्टर मॅडम, एक विचारायचं होतं. माझी मायोमेक्टमी झालीय, पोकळी उघडली होती (नोट आहे माझ्याकडं, मिरजताई शाबासकी द्या). आता चौथा महिना. माहेर आमचं कोयनेच्या अंगाला, पाटणपासून बरंच आत. आईचं म्हणणं पहिलं बाळंतपण माहेरीच. तारीख सिझरची ऑगस्टमध्ये येतीय. पिशवी फाटायची भीती खरंच किती असते? आईला समजावू कसं?

डॉ_कृष्णाकाठ

आकडा छोटा आहे. 2014 च्या एका आढाव्यात 756 बायकांमध्ये 7 वेळा पिशवी फाटली, म्हणजे शंभरात एकाहून थोडं कमी. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, कळा सुरू व्हायच्या आधीही फाटू शकते, शेवटच्या तीन महिन्यांत. म्हणूनच सिझर कळांच्या आधी, 37 ते 38 आठवड्यांच्या दरम्यान ठेवतात. दुसरी, फाटली तर हाताशी वेळ थोडा असतो. अचानक पोटात जोराचं दुखणं, अंगावरून रक्त, बाळाची हालचाल मंदावणं, चक्कर, यातलं काहीही झालं तर घरी विचार करत बसायचं नाही.

सिझरची तारीख ऑगस्टची असेल तर जुलैपासूनच कराडला किंवा साताऱ्याला कुणाकडे तरी राहायला या. 2021 च्या जुलैत तुमच्याच तालुक्यात दरडी कोसळून रस्ते बंद झाले होते, ते आईंना आठवत असेल. 108 ची गाडी यायला रस्ता तर मोकळा पाहिजे. आईंनाच कराडला घेऊन या, माहेरपण तिथं करा.

मिरज_जंक्शन

शाबास गं पाटणवाली!

सांगलीकरांनी पण हे मनावर घ्या. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा मिरजेला जायचं तर केवढी कसरत होती. पावसाळ्यात तारीख असलेल्यांनी दवाखाना नदीच्या कुठल्या बाजूला आहे ते आधीच बघून ठेवा.

पाटणवाली

आईला वाचून दाखवलं. दरडीचं आठवलं तिला. म्हणाली येते कराडला, पण डिंकाचे लाडू तिकडंच करायचे. चालतंय की 🙂

चिंचणीची_माहेरवाशीण

माझं कुणी काहीच काढलं नाही, तेही लिहिते. 5 सेंमीची गाठ बाहेरच्या बाजूला, डॉक्टर म्हणाले पोकळीला हात लावत नाही, राहू दे. दिवस राहिले. पाचव्या महिन्यात मात्र एका बाजूला असं दुखायला लागलं की मी रडत होते, ताप पण. दाखल केलं. गाठीचा रक्तपुरवठा कमी पडून ती आतून सडल्यासारखी होते, गर्भारपणात होतं असं म्हणाले. बाळाला धक्का नव्हता. विश्रांती आणि पॅरासिटामॉल, थोड्या दिवसांत उतरलं. नॉर्मल झालं, मुलगा.

सगळ्यांना वाटत होतं की गर्भारपणात गाठ वाढत वाढत बाळाला जागा उरणार नाही. दर सोनोग्राफीत ती जवळपास तेवढीच होती.

तासगावकरीण

मग आयबुप्रोफेन वगैरे चालतं का दुखलं तर? आमच्या मेडिकलवाल्यानं दिलं होतं एकीला.

डॉ_कृष्णाकाठ

स्वतःच्या मनानं नाही. विशेषतः 20 आठवड्यांनंतर त्या जातीच्या गोळ्या बाळाच्या मूत्रपिंडावर आणि गर्भजलावर परिणाम करू शकतात. पॅरासिटामॉल घ्या आणि डॉक्टरांना फोन करा.

आडवा_सवाल

धाग्याच्या पहिल्या पोस्टमधल्या काकूंबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून. "पिशवी काढून टाक" हे आपल्याकडे फार सहज बोललं जातं. बीडच्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या मोठ्या संख्येनं काढल्याचं 2019 ला उघडकीस आलं, चौकशी समिती नेमावी लागली. त्या बायका तोडीला आपल्याच सातारा-सांगलीच्या फडात येतात. पाळी आली की मजुरी बुडते, म्हणून तरण्याताठ्या बाया पिशवी काढून मोकळ्या. 34 व्या वर्षी मूल हवंय म्हणणाऱ्या बाईला तोच सल्ला चहा पितापिता देतात तेव्हा मला राग येतो.

धाग्याचा विषय तो नाही, माहीत आहे. थांबतो.

विट्याची_वैशू

थांबू नका, बरोबर आहे. माझ्या जाऊबाईंना पण हेच सांगितलं होतं, त्यांची आता दोन मुलं आहेत.

मॅडम, एक गोळी होती ना फायब्रॉइडसाठी, युलिप्रिस्टल? ती आता कुणी लिहून देत नाही का?

डॉ_कृष्णाकाठ

त्या गोळीनं गाठ आकसायची, रक्तस्राव थांबायचा. पण यकृताला गंभीर इजा झाल्याच्या घटना युरोपात समोर आल्या आणि 2020 मध्ये तिथल्या औषध नियामकांनी वापरावर कडक बंधनं आणली. मूल हवं असणाऱ्यांसाठी तर कुठलंही संप्रेरकाचं औषध हा मुक्काम नाही, चालू असताना दिवस राहत नाहीत. पाळीत फक्त रक्त कमी करायचं असेल तर ट्रानेक्झामिक अॅसिड वेगळं, ते संप्रेरक नाही, पाळीच्या दिवसांपुरतं देतात. तेही रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास असलेल्यांना नाही.

ध्वनिलहरींनी गाठ जाळण्याचा प्रकारही आहे, एमआरआयखाली. अमेरिकेत 2004 पासून परवानगी आहे. त्यानंतरच्या 54 गर्भधारणांची नोंद 2010 मध्ये छापली गेली, बाळंतपणं झाली, पण आकडा पाहा किती छोटा. आपल्या भागातून कुणी विचारलं तर मी म्हणते, मूल हा मुख्य हेतू असेल तर अजून पुरावा साठू द्या.

कोरेगावची_सून

सगळ्यांचे आभार. मधे गायब होते कारण एमआरआय करून घेतला.

रिपोर्ट असा: 2.8 ची गाठ फिगो 2. 7 सेंमीची फिगो 6, बाहेर. अॅडिनोमायोसिस नाही. पहिल्या मॅडमकडेच परत गेले, एमआरआय दाखवला आणि या धाग्यातले प्रश्न कागदावर लिहून नेले होते. त्या चिडतील असं वाटलं होतं. उलट म्हणाल्या, हे चित्र आधी असतं तर मीही पोट उघडायचं म्हटलं नसतं. आतली गाठ हिस्टेरोस्कोपीनं काढायची, बाहेरचीला हात लावायचा नाही, असं ठरतंय. शिरेतून लोह या आठवड्यात सुरू.

आत्यांना मात्र पटत नाहीये. "मोठी ठेवायची आणि बारकी काढायची, हे कुठलं डॉक्टर?" ह्यांनी एमआरआयची फिल्म खिडकीला धरून दाखवली त्यांना. बघितली, बोलल्या काही नाहीत, पण काढ्याचं पातेलं आज गॅसवर नव्हतं.

डॉक्टर मॅडम, फिगो 2 म्हणजे निम्मी तरी भिंतीत ना? मग आतून पूर्ण निघेल का?

डॉ_कृष्णाकाठ

छान झालं. फिगो 2 थोडी अवघड असते. एकाच वेळी निघाली नाही तर दुसऱ्यांदा आत जावं लागू शकतं, हे आधीच मनात धरा म्हणजे ऐन वेळी धक्का बसणार नाही. मॅडमना विचारा: गाठीच्या बाहेरच्या कडेपासून पिशवीच्या बाहेरच्या आवरणापर्यंत किती मिलिमीटर भिंत शिल्लक आहे? पाचाहून कमी असेल तर आतून कापताना भिंतीला भोक पडण्याचा धोका वाढतो, मग दुर्बिणीनं पोटाकडून जायचा विचार करावा लागतो. एमआरआयवर हे मोजता येतं.

7 सेंमीच्या गाठीबद्दल आत्यांची शंका अगदीच वावगी नाही. ती गर्भारपणात दुखू शकते, बाळ आडवं-पायाळू राहिलं तर सिझर लागू शकतं. पण ती काढायची म्हणजे पिशवीवर एक व्रण ओढवून घ्यायचा, आतडी चिकटण्याची शक्यता, आणि सहा महिने थांबणं. वय 34 असताना ते महिने स्वस्त नाहीत. आणि सगळं करून दिवस राहण्याचं प्रमाण वाढेल असं नाही.

कोरेगावची_सून

भिंत 8 मिमी लिहिलीय रिपोर्टमध्ये, आत्ताच बघितलं.

डॉ_कृष्णाकाठ

मग आतून जायला हरकत दिसत नाही. बाकी मॅडम ठरवतील.

तासगावकरीण

आमच्याकडे पैशाचा प्रश्न आहे. महात्मा फुले योजनेत बसतं का यातलं काही?

मिरज_जंक्शन

पाच लाखांपर्यंतचं कवच आहे योजनेत, पण कुठलं ऑपरेशन कुठल्या दवाखान्यात बसतं ते दवाखान्यागणिक बदलतं. योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याच्याकडे रेशनकार्ड, आधार आणि सोनोग्राफीचा कागद घेऊन जा. डॉक्टरांनी लिहिलेलं ऑपरेशनचं नाव जसंच्या तसं दाखव. दाखल व्हायच्या आधी विचार, नंतर नाही.

कोरेगावची_सून

शेवटचं एक. रजा किती टाकू? मॅनेजर आत्तापासून विचारतोय, मार्चएंड आहे.

विट्याची_वैशू

मॅनेजरला सांग तुझी पाळी त्याला एक महिना देते, मग विचार म्हणावं मार्चएंडचं.

डॉ_कृष्णाकाठ

हिस्टेरोस्कोपी असेल तर बहुतेक जणी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात. आठवड्याभरात कामावर जाता येतं, थोडं अंगावरून जात राहील तेवढंच. पण ऑपरेशनच्या आधी हिमोग्लोबिन दहाच्या वर जाऊ द्या. त्याला लोह घेतल्यावर काही आठवडे लागतात, म्हणजे तुमचा मार्चएंड तसाही उरकेल.

कोरेगावची_सून

एप्रिलची तारीख मागते मग. आणि ऑपरेशन नोटची झेरॉक्स, त्याच दिवशी.